आयरीन डुलिकचा नकार

आमच्या गावात अजूनही अशी माणसं आहेत, की आयरीन डुलिकचं नाव निघालं की तोंड वाकडं करतात. वेंडेल रुसनाकला ती नाही म्हणाली, एवढंच त्यांच्या लक्षात राहिलंय. ती नाही म्हणाली तेव्हा मी तिच्या शेजारीच बसलो होतो. मी तिच्या नवऱ्याचा, एमिलचा, दोस्त. पेशाने न्हावी, आणि शनिवारी त्यांच्या अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हाताने फेकायच्या खेळाच्या, संघातल्या पुढच्या फळीतल्या धिप्पाड पोरांना धडक कशी द्यायची ते शिकवणारा. आता आयरीन नाही. ज्याच्यासाठी तिने मला गप्प बसवलं होतं, त्यालाही आता लोक काय म्हणतात याचं काही वाटेनासं झालंय. म्हणून सांगायला हरकत नाही.

आयरीनचा बाप पोलादाच्या गिरणीत कोळशाच्या भट्ट्यांवर होता. घरात तीन भाऊ, आणि मागच्या बोळात दिवसभर चेंडू. भाऊ तिला खेळायला घेत नसत, पण चेंडू कोणाच्या कुंपणापलीकडे गेला की आणायला तीच जायची, आणि परत चालत येण्याऐवजी तिथूनच फेकायची. असं करत करत तिचा हात भावांपेक्षा लांब जायला लागला. मग तर त्यांनी तिला मुळीच घेतलं नाही.

चर्चच्या उन्हाळी जेवणाच्या दिवशी ती केकच्या टेबलामागे उभी होती. पोरांचा चेंडू गडगडत तिच्या पायाशी आला. तिने एप्रनला हात पुसले आणि सगळ्या मैदानावरून, पाद्रीबाबांच्या डोक्यावरून, पलीकडे पायऱ्यांजवळ उभ्या असलेल्या एका लाल केसांच्या पोराकडे तो फेकला. चेंडू त्या पोराच्या छातीवर बसला आणि खाली पडला, कारण तो चेंडूकडे बघतच नव्हता. तो एमिल. "आयुष्यात माझ्या हातून सुटलेला तेवढा एकच चेंडू," असं तो मरेपर्यंत सांगायचा. ते खोटं होतं. त्याच्या हातून पुष्कळ सुटले. पण आयरीन दरवेळी हसायची.

लग्नानंतर त्यांनी नदीकाठच्या रस्त्यावर लाँड्री काढली, आणि लाँड्री जरा चालायला लागल्यावर एमिलने संघ काढला. कार्व्हर्स बेंडचे रिव्हरमेन. खेळणारे सगळे गिरणीतले, काचकारखान्यातले, एक दूधवाला, एक शवपेट्या करणारा. पगार कोणालाच नाही. हेल्मेटं एका बंद पडलेल्या शाळेची आणली. जर्स्या पांढऱ्या मिळाल्या, त्या आयरीनने लाँड्रीच्या हौदात डाळिंबी रंगात बुडवल्या. पहिल्याच सामन्यात पाऊस आला आणि रंग सुटला. दुसऱ्या डावापर्यंत आमचे आणि समोरचे, दोन्ही संघ डाळिंबी. कोण कोणाला पाडतंय ते पंचालाही कळेना. मीही तेव्हा फळीत खेळायचो, माझ्या अंगावरून तो रंग पुढचा शनिवार आला तरी गेला नव्हता. सोमवारी लाँड्रीसमोर बायकांची रांग, प्रत्येकीच्या हातात डाळिंबी चादर. आयरीनने सगळ्या फुकट धुतल्या आणि प्रत्येकीला विचारलं, "पण सामना कसा वाटला?"

ते शनिवार काय होते, ते आता कोणाला सांगून पटत नाही. दुपारी गिरणीचा भोंगा झाला की माणसं डबा हातात तशीच मैदानावर यायची. तोंडं काळी, डोळ्यांभोवती चष्म्याची पांढरी वर्तुळं. अग्निशामक दलाचा बँड वाजायचा, त्यातला ढोलवाला नेहमी अर्धा ठोका मागे. तळलेल्या मासळीचा वास, सिगारचा वास, आणि नदीवरून येणारा तो गंधकाचा वास, ज्याला आम्ही लहानपणापासून हवा म्हणत आलो. बाकांवर जागा मिळायची नाही. लोक गवतावर, गाड्यांच्या टपांवर, दफनभूमीच्या भिंतीवर बसायचे. एमिल मधला खेळाडू, सेंटर. वाकून पायांतून मागे क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या गड्याला, चेंडू द्यायचा, आणि दिल्याक्षणी समोरच्या डोंगराएवढ्या माणसावर डोक्याने आदळायचं. त्याने हे वयाच्या बेचाळिशीपर्यंत केलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

वेंडेल हा त्यांच्या इस्त्रीवाल्या बाईचा, हेलन रुसनाकचा मुलगा. बाप नव्हता. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो एमिलबरोबर लाँड्रीच्या गाडीवर जायचा. एमिल गाडी थांबवायचाच नाही. हळू करायचा, आणि वेंडेल मागच्या दारात उभा राहून कपड्यांचं बांधलेलं गाठोडं ओसरीवर फेकायचा. एकूण एक घराची ओसरी वेगळी, कुठे पायऱ्या, कुठे झोपाळा, कुठे कुत्रा. बायका सांगायच्या की खुर्चीवर टाक म्हटलं तर पोरगा खुर्चीवरच टाकतो. दुपारी तो आयरीनच्या टेबलावर जेवायचा. कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा-भात तो इतका खायचा की एमिल म्हणायचा, "आयरीन, याला लाँड्रीवर ठेवायचं तर आपल्याला कोबीचं शेत घ्यावं लागेल." त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. त्यावर कोणी बोलत नसे.

पुढे वेंडेल शाळेकडून खेळला, मग विद्यापीठाकडून, मग थेट मोठ्या व्यावसायिक संघात. सोळा वर्षं. रविवारी सगळं गाव अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर. पडद्यावर तो चेंडू घेऊन मागे सरकायचा, चार राक्षस त्याच्या अंगावर येत असायचे, आणि हा असा उभा, की जणू एमिलने गाडी हळू केली आहे आणि याला ओसरी दिसते आहे. चेंडू सुटला की हॉलमध्ये कोणी श्वास घ्यायचं नाही. तो पोचला की आरडाओरडा, आणि त्यात आयरीन एकटी गप्प. ती चेंडू कुठे गेला ते बघायचीच नाही. फेकल्यानंतर वेंडेल उठला का, ते बघायची.

एमिलचं शेवटचं मी थोडक्यात सांगतो, कारण आयरीनलाही ते थोडक्यातच आवडायचं. पन्नाशी गाठायच्या आत तो रस्ते विसरायला लागला. वीस वर्षं ज्या गल्ल्यांतून गाडी नेली, त्या गल्ल्या. संध्याकाळी सगळी गाठोडी तशीच घेऊन परत यायचा आणि म्हणायचा, कोणी घरी नव्हतं. मग आयरीन रोज गाडीत त्याच्या शेजारी बसायला लागली. गावात कौतुक झालं, या वयातही बघा कसे जोडीने फिरतात. ती हसून हात हलवायची आणि हळूच सांगायची, "आता डावीकडे, एमिल." मलासुद्धा हे तो गेल्यावर कळलं. त्याच्या अंत्ययात्रेला वेंडेल विमानाने आला. शवपेटी उचलणाऱ्या सहा जणांत पुढे उजवीकडे वेंडेल होता, डावीकडे मी.

नंतर गिरणी बंद झाली. पोरं दक्षिणेला कामाला गेली, बाकं रिकामी पडायला लागली. आयरीनने लाँड्री चालू ठेवली आणि संघही. टिल्मन बॉग्ज म्हणून शाळेचा निवृत्त मास्तर कोच झाला. क्वार्टरबॅक होता कर्टिस मेह्यू, काचकारखान्यात रात्रपाळी करणारा तेविशीतला शांत पोरगा. चेंडू बरा फेकायचा, पाय चांगले होते. गर्दी मात्र येत नव्हती.

अशात एका जुलैमध्ये वेंडेल गावात परतला. मोठ्या संघाने त्याला दोन वर्षांपूर्वीच सोडलं होतं, बायको वेगळी झाली होती. हेलन तोवर वारली होती, तिचं घर रिकामं होतं, तिथे तो राहिला. वय चाळीस. आठवडाभरात तो माझ्या दुकानात केस कापायला आला आणि खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, "ऑगी, तुमच्या संघाला म्हातारा क्वार्टरबॅक चालेल का?"

दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानात दुसरा विषय नाही. स्टोश म्हणून एक गिरणीतला जुना माणूस रोज येऊन बसायचा. त्याला केस नव्हते, गप्पांसाठी यायचा. तो म्हणाला, "यात विचार कसला करायचा? वेंडेल उभा राहिला तर माझी बायकोसुद्धा सामन्याला येईल. ती स्वतःच्या लग्नाला उशिरा आली होती."

"ती आली हेच खूप झालं," मी म्हटलं.

कोच बॉग्ज आरशासमोर बसला होता, गळ्यापर्यंत कापड. "मी वेंडेलच्या त्या गुडघ्याला काय सांगू? पळ म्हणू? तो जिना उतरताना कठड्याला धरतो, मी बघितलंय."

"त्याला पळायचंय कशाला? उभा राहून फेकेल," स्टोश म्हणाला.

"आणि समोरचे काय, हॅट काढून वाट बघतील?"

"तू मास्तर तो मास्तरच राहिलास. पोरगा घरी आलाय. घरी आलेल्याला दार लावायचं का?"

"आणि कर्टिसला काय सांगू? दोन वर्षं तो रात्रपाळी करून सरावाला येतोय."

योगायोगाने कर्टिस त्याच वेळी दारातून आत आला. सगळे गप्प. त्याने ओळखलं. "कोच, मी बाजूला होईन. माझी काही हरकत नाही. माझ्या खोलीत त्याचं पोस्टर होतं."

"होतं म्हणजे?" स्टोशने विचारलं.

कर्टिस लाजला. "आहे. अजून आहे."

निर्णय आयरीनचा होता, कारण संघ तिचा. ती काहीच बोलत नव्हती. एका संध्याकाळी मी दुकान बंद करत असताना ती गाडी घेऊन आली. मागच्या सीटवर कपड्यांची पिशवी, पिशवीत चेंडू. "चल," म्हणाली. "वेंडेलला घेऊन मैदानावर जाऊ. तू पकडायला."

ऑगस्टचा महिना, गवत वाळून पिवळं झालेलं. वेंडेल जुन्या बुटांत आला. मी पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेलं. त्याने मला आधी जवळ उभं केलं, मग लांब, मग आणखी लांब. काय हात होता तो. चेंडू हवेत फिरताना आवाज येत नव्हता. मी जिथे हात नेणार तिथे तो आधीच येऊन पोचलेला. मी चार सोडले, बाकीचे माझ्या छातीनेच पकडले म्हणायचे. घामाने निथळत होतो आणि वेड्यासारखा हसत होतो. मी फळीतला माणूस. उभ्या जन्मात माझ्याकडे कोणी चेंडू फेकला नव्हता.

"मलाही दे," आयरीन म्हणाली. साठीची बाई. तिने स्कर्टला हात पुसले आणि त्याच्याकडे फेकला, आणि चेंडू फिरत, सरळ गेला. वेंडेल खळखळून हसला. "मिसेस डी, तुम्हालाच घ्या संघात." मग ते दोघं कितीतरी वेळ एकमेकांकडे फेकत राहिले, आणि मी गवतावर बसून बघत राहिलो. वेंडेल लहान असताना लाँड्रीच्या मागच्या अंगणात वाळत घातलेल्या चादरींमधून ती दोघं अशीच खेळायची. मला वाटलं, झालं, ठरलं. आता ही हो म्हणणार.

वेंडेल चेंडू हातात फिरवत आमच्याकडे आला. "एमिल का नाही आला?" त्याने विचारलं. "तो गाडीवर आहे का अजून?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. मी त्याच्याकडे बघितलं. चेष्टा नव्हती. तो खरंच रस्त्याकडे बघत होता.

आयरीनचा चेहरा जराही बदलला नाही. "एमिल गेला, वेंडेल," ती म्हणाली. "आठ वर्षं झाली. तू त्याला खांदा दिलास."

तो चेंडूच्या शिवणीवरून अंगठा फिरवत राहिला. "हो. हो, म्हणजे मला माहीत आहे. मी दुसऱ्या कोणाचं तरी म्हणत होतो."

"कोणाचं?"

"जाऊ द्या ना."

परत जाताना तो गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसला, पुढची मी त्याच्यासाठी रिकामी ठेवली असताना. रस्ताभर त्याने आम्हाला पंधरा वर्षांपूर्वीच्या एका सामन्यातली एक चाल सांगितली. कोण कुठे उभा होता, वारा कुठून होता, कोणाच्या बुटाची नाडी सुटली होती. एकही नाव चुकलं नाही.

त्याला सोडल्यावर आयरीनने गाडी सुरूच केली नाही. "ऐकलंस?"

"ऐकलं. पण आयरीन, विसरतो माणूस. दमला होता."

"एमिल असाच दमायचा." तिने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले होते. "मी नाही म्हणणार आहे. आणि का म्हणाले, ते तू कोणाला सांगायचं नाहीस."

"लोक तुला फाडून खातील."

"खाऊ देत. या गावात त्याचं नाव घेतलं की माणसं खुर्चीत सरळ होतात, ऑगी. उद्या तीच माणसं त्याच्याकडे बघून, वेडा झालाय म्हणून, कानाजवळ बोट फिरवतील. ते मला बघायचं नाही."

शुक्रवारी हॉलमध्ये मासळीचं जेवण असायचं, तिथे सगळे जमले. आयरीन उठून उभी राहिली आणि म्हणाली, "यंदाही कर्टिस खेळेल. वेंडेलला घ्यायचं नाही."

स्वयंपाकघरात तेल चुरचुरत होतं. मग स्टोश म्हणाला, "कारण तरी सांग."

"संघ माझा आहे."

"हे कारण झालं?"

"नाही," ती म्हणाली. "पण मी एवढंच सांगणार आहे."

"एमिल असता तर त्याने त्याला घेतलं असतं."

"हो," आयरीन म्हणाली, "एमिलने नक्की घेतलं असतं." आणि ती खाली बसून मासा खायला लागली. तिने पूर्ण ताट संपवलं.

वेंडेलला मात्र तिने खरं सांगितलं. तो लाँड्रीत आला तेव्हा मी तिथे होतो. ती म्हणाली, "शहरात चांगले डॉक्टर आहेत, मी येते तुझ्याबरोबर. डोक्याने धडका देऊन देऊन एमिललाही असंच सुरू झालं होतं."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "मी एमिल नाही."

"मला माहीत आहे."

"संघ सुटल्यावर मी तिकडे कामाला लागलो, तर लोक मला 'ए म्हाताऱ्या' म्हणून हाक मारायचे, मिसेस डी. इथे मला कोणाला नाव सांगावं लागत नाही. मला तेवढंच हवं होतं. आणि तुम्ही... मोठ्या संघाच्या सूटवाल्यांनी मला काढलं, पण त्यांनी निदान हात तरी मिळवला." दार आपटून तो गेला. दारावरची घंटा कितीतरी वेळ हलत होती. आयरीनने इस्त्री पुन्हा हातात घेतली. तिच्या हाताला चटका बसला, तेव्हाच मला कळलं की ती रडते आहे.

पंधरा दिवसांत बातमी आली. नदीपलीकडच्या वेलर्स गावाच्या संघाने वेंडेलला घेतलं. आमचे जुने वैरी. गाव आयरीनवर असं उलटलं की विचारू नका. कपडे हमरस्त्यावरच्या मशिनांत जायला लागले. लाँड्रीच्या काचेवर कोणीतरी साबणाने 'कैदाशीण' असं लिहिलं. तिने ते पुसलं आणि म्हणाली, "निदान साबण तरी चांगला वापरलाय." मला दुकानात रोज तोंड दाबून ऐकून घ्यावं लागायचं. एकदा मी न राहवून स्टोशला म्हटलं, "तुला काही माहीत नाही." तो म्हणाला, "मग सांग." मी वस्तऱ्याला धार लावत बसलो.

ऑक्टोबरमध्ये वेलर्सचा संघ आमच्या मैदानावर आला. गिरणी बंद झाल्यापासून एवढी माणसं मी बघितली नव्हती. दफनभूमीच्या भिंतीवरही लोक. आणि सगळे आले होते समोरच्या संघाच्या माणसाला बघायला. आमची पोरं कपडे बदलायच्या खोलीत खाली माना घालून बसली होती. ब्रूनो म्हणून आमचा सर्वांत दांडगा गडी. त्याने आयरीनला विचारलं, "मिसेस डी, त्याच्याशी खेळायचं कसं?"

मी तिच्याकडे बघितलं. कारण तो प्रश्न माझाही होता. धडक द्यायला मीच शिकवलं होतं त्यांना.

"नियमात खेळा," ती म्हणाली. "डोक्याला हात लावायचा नाही. पण त्याला लाज वाटेल असं हळूही खेळायचं नाही. कळेल त्याला."

पहिल्या अर्ध्यात वेंडेलने आमच्या लोकांना रडवलं. खरंच रडवलं, स्टोश बाकावर बसून डोळे पुसत होता. गुडघा चालत नव्हता, पण तो हात. तीन वेळा चेंडू आमच्या डोक्यांवरून नेऊन त्याने ओसरीवर ठेवला, आणि आमचंच गाव उठून त्याच्यासाठी ओरडलं. कर्टिस आमच्या बाजूने एकटा झुंजत होता. आयरीन बाकाच्या टोकाला तिच्या जागेवर, मांडीवर कॉफीचा थर्मास. प्रत्येक वेळी वेंडेल खाली पडला की तिचे हात थर्मासवर घट्ट व्हायचे.

तिसऱ्या भागात ब्रूनो फळी फोडून आत शिरला आणि त्याने वेंडेलला कमरेला धरून खाली पाडलं. अगदी स्वच्छ. फार जोरातही नाही. वेंडेल उठला, हेल्मेट सारखं केलं, आणि चालायला लागला. स्वतःच्या साथीदारांकडे नाही. मैदान ओलांडून आमच्याकडे. लोकांना वाटलं, जुन्या गावाला सलाम करायला येतोय. त्यांनी टाळ्या सुरू केल्या. तो सरळ आमच्या बाकापाशी आला, हेल्मेट काढून खाली ठेवलं आणि आयरीनच्या शेजारी बसला.

"मिसेस डी," तो म्हणाला, "आई अजून इस्त्रीवरच आहे का?"

"हो," आयरीन म्हणाली. "होईल तिचं एवढ्यात."

"मग थांबतो मी."

"थांब ना." तिने अंगातला कोट काढून त्याच्या खांद्यांवर टाकला. खांद्यांवरच्या त्या पॅडवर तो कोट पोराचा असावा तसा दिसत होता. थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून तिने त्याच्या हातात दिली आणि झाकण त्याच्या बोटांभोवती नीट बसवलं.

टाळ्या हळूहळू थांबल्या. वेलर्सचा कोच धावत आला. चांगला माणूस होता, गोंधळलेला. "बाई, तो आमचा खेळाडू आहे."

"आज तो आणखी खेळणार नाही."

"पण..."

"बघ त्याच्याकडे," ती म्हणाली.

त्याने बघितलं. मग टोपी काढून, मान हलवून तो परत गेला. बाकांवरच्या लोकांना ऐकू काहीच आलं नव्हतं, पण दिसलं सगळं. स्टोश कठड्यापाशी येऊन उभा राहिला. खेळ पुन्हा सुरू झाला. कर्टिसने शेवटी दोन चेंडू सुंदर फेकले आणि आम्ही थोडक्यात जिंकलो. ओरडलं कोणीच नाही. लोक खाली उतरले आणि बाकासमोरून जाताना एकेकाने वेंडेलच्या खांद्यावर हात ठेवला. तो प्रत्येकाला म्हणत होता, "छान झाला सामना."

माफी वगैरे मागायची आमच्या गावाला सवय नाही. सोमवारी लाँड्रीत गाठोडी परत यायला लागली, एवढंच. काही जण अजून म्हणतात की तिने त्याला आपल्यात घेतलं असतं, तर तो सांभाळून खेळला असता, असं झालंच नसतं. आयरीनला मी ते सांगितलं, तेव्हा ती कपडे घड्या करत होती. "असेलही," म्हणाली. नंतर बराच वेळ ती एकच उशीचा अभ्रा पुन्हा पुन्हा घडी करत बसली. तिला स्वतःलाही शेवटपर्यंत नक्की कळलं नाही, असं मला वाटतं.

डॉक्टर झाले, औषधं झाली. वेंडेल लाँड्रीच्या वरच्या खोलीत राहायला आला. चादरी घड्या करायला त्याला आवडायचं. दोन टोकं त्याच्याकडे, दोन आयरीनकडे, जवळ यायचं, लांब जायचं. संध्याकाळी तो तिला जुने सामने सांगायचा, आणि ती भाजी चिरता चिरता विचारायची, "मग पुढे?" काही सामने तिने शंभरदा ऐकले असतील. संघ काही वर्षांनी बंद झाला, पोरंच उरली नाहीत. कर्टिस शाळेत कोच झाला.

माझ्या डोळ्यांसमोर येतो तो आयरीन जायच्या आधीचा शेवटचा सप्टेंबर. कर्टिस दर बुधवारी वेंडेलला शाळेच्या मैदानावर न्यायचा. आयरीन गाडीत काच खाली करून बसायची, मी शेजारी. तिने खसखस भरलेल्या गोड पावाचा रोल आणलेला असायचा, कागदात. मैदानावर वेंडेल एका पोराच्या पंजावर आपला पंजा ठेवून चेंडू कसा धरायचा ते दाखवत होता. पोराला तो कोण हे ठाऊक नव्हतं. नदीवरून कोळशाची मालबोट चालली होती, तिचा भोंगा वाजला तसं सगळ्यांनी तिकडे बघितलं, वेंडेलने सोडून. त्याने चार पावलं मागे घेऊन चेंडू फेकला, आणि पलीकडच्या टोकाला धावणाऱ्या पोराने मागे न बघता हात पुढे केले.

"पकडला?" आयरीनने विचारलं. तिला आता तेवढं लांबचं दिसत नव्हतं.

"पकडला," मी म्हटलं.

"तो उभा आहे ना?"

"उभा आहे."

तिने रोलचा मोठा तुकडा तोडून माझ्या हातात दिला, आणि उरलेला कागदात नीट गुंडाळून त्याच्यासाठी बाजूला ठेवला.